एका हरणाचा हिशेब

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार अजून उजाडायचा असतो. पाच लाखांहून अधिक माणसे अंधारात रायफली मांडीवर घेऊन बसलेली असतात. कोणी झाडाला बांधलेल्या मचाणावर, कोणी कापणी झालेल्या मक्याच्या बांधाला, कोणी पाइनच्या रानात. थंडी अशी की बोटे हातमोज्यातही आखडतात. समोरून, अगदी वीस पावलांवरून हरीण गेले तरी गोळी सुटत नाही, कारण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची वेळ अजून झालेली नसते. ती वेळ तारीखवार आणि मिनिटासह छापील तक्त्यात दिलेली असते. राज्याच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत तिच्यात काही मिनिटांचा फरक असतो, तोही त्या तक्त्यात असतो. रानात प्रत्येकाच्या मागे शिपाई उभा नाही. तरीही बहुतेक जण घड्याळाकडे बघत थांबतात, आणि ती वेळ झाली की दूरवर कुठेतरी पहिला आवाज होतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे चित्र पचनी पडत नाही. आपल्याकडे हरणाची शिकार म्हटली की रात्रीच्या जीपचा प्रकाशझोत, बिनपरवाना बंदूक आणि मग कोर्टकचेरी हेच डोळ्यांपुढे येते. आपल्या देशात शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याविषयी पुढे लिहितोच. पण विस्कॉन्सिनची लोकसंख्या ५९ लाखांच्या घरात आहे आणि त्यांतले साधारण दहापैकी एक माणूस दरवर्षी बंदुकीने हरीण मारण्याचा परवाना काढतो. २००० साली त्या एका राज्यात ६ लाखांहून अधिक हरणे मारली गेल्याची नोंद आहे. तरी तिथली हरणे संपली नाहीत. शंभर वर्षांपूर्वी होती त्याहून ती कितीतरी पटींनी जास्त आहेत. हे कसे घडले, याचे उत्तर त्या परवान्यात आहे. परवाना म्हणजे मारायची मोकळीक, एवढाच अर्थ आपण घेतो. तिथे तो मोजदादीचा पहिला कागद आहे.

मुळात रानातले हरीण कोणाचे, या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. इंग्लंडमध्ये शतकानुशतके याचे उत्तर होते: राजाचे, आणि राजा ज्याला हक्क देईल त्या सरदाराचे. भुकेल्या कुळाने राजाच्या रानातले हरीण मारले तर शिक्षा कठोर. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ही रीत मागे टाकली. तिथे रानातले जनावर कोणा एकाचे नाही, असे ठरले. ऐकायला हे फार चांगले वाटते, पण कोणाचेच नाही म्हणजे जो आधी मारील त्याचे. रेल्वे आली, बर्फात ठेवून मांस शिकागोसारख्या शहरांच्या बाजारात पोचवण्याची सोय झाली, आणि पोटापाण्यासाठी नव्हे तर गाडी भरण्यासाठी शिकार सुरू झाली. पांढऱ्या शेपटीची हरणे, जी तिथल्या रानांत माणसाच्या आठवणीपासून होती, ती १९०० च्या सुमारास साऱ्या देशात मिळून तीन ते पाच लाखांवर आली असावीत, असा अंदाज आहे. आज तीच संख्या ३ कोटींच्या आसपास मानली जाते.

नियम हळूहळू आले आणि प्रत्येक नियम एखाद्या नुकसानीनंतर आला. विस्कॉन्सिनने १८५१ मध्ये पहिल्यांदा वर्षातले काही महिने हरणांच्या शिकारीसाठी बंद ठेवले. १८७६ मध्ये कुत्री मागे लावून हरीण मारण्यावर बंदी आली. १८८७ मध्ये रात्रीची शिकार थांबवली आणि नियम पाळले जातात की नाही हे बघायला दोन वॉर्डन नेमले. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या राज्याला दोन माणसे! १८९७ मध्ये परवाना सक्तीचा झाला: राज्यात राहणाऱ्याला १ डॉलर, बाहेरून येणाऱ्याला ३० डॉलर.

त्याआधी एक वर्ष, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ या खटल्यात सांगितले होते की रानातली जनावरे सगळ्या जनतेची आहेत आणि राज्य त्यांचे विश्वस्त आहे. मालकीची ही भाषा पुढे १९७९ मध्ये न्यायालयानेच मोडीत काढली, पण विश्वस्ताची कल्पना टिकून राहिली. परवान्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. देवस्थानच्या जमिनीचा विश्वस्त जसा ती जमीन आपली म्हणून विकू शकत नाही, उत्पन्नाचा हिशेब त्याला द्यावाच लागतो, तसेच हे नाते आहे.

१९०० मध्ये लेसी कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेले जनावर दुसऱ्या राज्यात नेणे हा त्याने केंद्राचा गुन्हा ठरवला. मला हा सगळ्या साखळीतला सर्वांत शहाणपणाचा कायदा वाटतो, कारण त्याने बंदुकीचा नाही तर बाजाराचा गळा धरला. आजही अमेरिकेत शिकाऱ्याने रानात मारलेल्या हरणाचे मांस विकता येत नाही. खावे, शेजाऱ्याला द्यावे, गरिबांच्या अन्नछत्राला द्यावे. विस्कॉन्सिनमध्ये २००० पासून त्यासाठी सरकारी योजनाच आहे. हॉटेलच्या पानावर जे हरणाचे मांस दिसते ते पाळीव हरणाचे असते आणि बरेचसे न्यूझीलंडहून आलेले. पैशाची वाट बंद केल्यावर एका माणसाला दहा हरणे मारण्याचे कारणच उरत नाही.

आता एक परवाना हातात घेऊन त्याच्या मागोमाग चालून बघू.

ज्याचा जन्म १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर झाला आहे, त्याला विस्कॉन्सिनमध्ये शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय एरवी परवाना मिळत नाही. या वर्गात नेमबाजीपेक्षा न झाडलेल्या गोळीविषयी जास्त शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे. नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवायचे. समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करायची. झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्याच्या कडीबाहेर ठेवायचे. या चार गोष्टी मुलांकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतात. मग तारेचे कुंपण कसे ओलांडायचे ते शिकायचे: आधी बंदूक रिकामी करायची, ती कुंपणाखालून पलीकडे सरकवायची, तिच्या नळीसमोर न येता आपण पलीकडे जायचे, मग ती उचलायची. बारा वर्षांची मुलगी आणि चाळिशीतला बाप एकाच बाकावर बसून हे शिकताना तिथे दिसतात.

परवान्याची किंमत राज्यातल्या रहिवाशाला २४ डॉलरच्या आसपास पडते, बाहेरच्याला कितीतरी पट जास्त. तीस दिवस राज्यात वास्तव्य असले की माणूस रहिवासी धरला जातो. अमेरिकेत कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींना इथे एक गोष्ट सांगायला हवी. अशा तात्पुरत्या व्हिसाधारकाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राबरोबर ‘सहज’ रानात गेलो आणि त्याची रायफल हातात घेतली, असे करण्याआधी हा नियम नीट वाचून घ्यावा. व्हिसा गमावण्याइतके हे प्रकरण गंभीर होऊ शकते.

परवाना खिशात आला की नारिंगी कपडे येतात. कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी डोळ्यांत भरणाऱ्या झगझगीत नारिंगी रंगाचा हवा, हा नियम विस्कॉन्सिनमध्ये १९८० पासून आहे. २०१६ पासून तसाच झगझगीत गुलाबीही चालतो. हरणाला हा रंग दिसत नाही का? दिसतो, पण आपल्याला दिसतो तसा नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार आहेत, हरणाच्या डोळ्यात दोनच. नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून जो रंग माणसाला दोनशे पावलांवरून खुणावतो तो हरणाला पाचोळ्यासारखा फिकट दिसतो. निळा मात्र त्याला झटकन दिसतो, त्यामुळे जाणते शिकारी निळी जीन्स घालून रानात जात नाहीत.

बाकीचे नियम भराभर सांगतो. गाडीत भरलेली रायफल ठेवायची नाही. रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतराच्या आत उभे राहून गोळी झाडायची नाही. रात्री दिव्याचा झोत मारून हरणाला थिजवायचे नाही. परवाना कितीही पक्का असला तरी खासगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. मारलेले जनावर टाकून द्यायचे नाही. या प्रत्येक नियमामागे एक तर अपघात आहे, नाहीतर शेतकऱ्याशी झालेले भांडण.

हंगाम नोव्हेंबरातच का, यालाही कारण आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून माजावर येतात. पाडसे मे-जूनमध्ये जन्मलेली असतात, त्यामुळे बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होईपर्यंत त्यांचे दूध सुटलेले असते आणि बऱ्याचशा माद्या गाभण राहिलेल्या असतात. त्यानंतर जानेवारीच्या सुमारास नरांची शिंगे गळून पडू लागतात, मग लांबून नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे अवघड होते. वर्षाच्या चक्रात एवढी एकच फट आहे आणि नऊ दिवस त्या फटीत बसवलेले आहेत.

नर आणि मादी हा या विषयाचा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे, त्यामुळे इथे थोडे थांबतो. हरणे वाचवायची तर मादी मारू नये, हे कोणालाही पटते. विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये पहिल्यांदा फक्त नरांचा हंगाम ठेवला. लोकांच्या मनात ते इतके घट्ट बसले की मादी मारणे म्हणजे पाप अशीच भावना झाली. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहांतले सात नर मारले तरी पुढच्या वर्षी पाडसे जवळजवळ तेवढीच होतात, आणि चांगले खायला मिळाले की मादी जुळी देते. शेजारच्या मिशिगन राज्यात १९२८ मध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाच्या कुंपण घातलेल्या सुमारे ११०० एकर रानात सहा हरणे सोडली होती, दोन नर आणि चार माद्या. सहा वर्षांनी हाका घालून मोजली तेव्हा ती दीडशेच्या वर निघाली. सहाची दीडशे!

लांडगे असते तर हे गणित वेगळे झाले असते. पण विस्कॉन्सिनने लांडगा मारणाऱ्याला १९५७ पर्यंत सरकारी इनाम दिले आणि १९६० च्या आसपास तिथले लांडगे संपले. (आता ते पुन्हा आले आहेत, सत्तरच्या दशकापासून, मिनेसोटाच्या बाजूने.) खाणारा गेला, नरांवरच गोळी चालली, माद्या वाढत राहिल्या. चाळीसच्या दशकात उत्तरेच्या रानांत हिवाळ्यात हरणे भुकेने मरू लागली. तोंड पोचेल तेवढ्या उंचीपर्यंतची सगळी कोवळी झाडे त्यांनी ओरबाडून खाल्ली होती.

तेव्हा आल्डो लिओपोल्ड नावाचा प्राध्यापक राज्याच्या निसर्ग-आयोगावर आला. मॅडिसनच्या विद्यापीठात तो शिकवत असे; त्याचे ‘गेम मॅनेजमेंट’ हे पुस्तक १९३३ मध्ये आले होते आणि वन्यजीव व्यवस्थापन ही विद्या म्हणून उभी राहिली ती बरीचशी त्यामुळे. त्याने सांगितले, माद्या मारल्या पाहिजेत. १९४३ मध्ये हंगाम दोन भागांत झाला: आधी चार दिवस नरांचे, मग चार दिवस बिनशिंगी हरणांचे, म्हणजे माद्या आणि पाडसांचे. सव्वा लाखाहून अधिक हरणे पडली. लोक खवळले. त्या हंगामाला ‘१९४३ चा गुन्हा’ असे नाव पडले. लिओपोल्डवर तुटून पडलेल्या माणसांतले बहुतेक जण हरणांवर माया करणारेच होते. त्यांनी हिवाळ्यातल्या रानात जाऊन सांगाडे पाहिले नव्हते, एवढाच फरक होता. १९४८ मध्ये लिओपोल्ड वारला तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता. आज मात्र तिथल्या व्यवस्थेचा कणा त्याच विचारावर आहे: नराचा परवाना सगळ्यांना सारखा, बिनशिंगी हरणांचे परवाने मात्र प्रत्येक जिल्ह्यात तिथली हरणे पाहून कमी-जास्त.

आणि ही संख्या ठरवायची तर मोजायला हवे. इथेच परवान्याचा खरा उपयोग सुरू होतो. विस्कॉन्सिनमध्ये हरीण मारले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते, फोनवर किंवा संगणकावर. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या दिवशी, नर की मादी, मोठे की पाडस. पूर्वी हरीण गाडीच्या टपावर बांधून नोंदणी केंद्रावर न्यावे लागे. पेट्रोल पंपाच्या आवारात, नाहीतर किराणा दुकानाबाहेर एक टेबल मांडलेले असे आणि तिथे राज्याचा जीवशास्त्रज्ञ हरणाचा जबडा उघडून बॅटरीच्या उजेडात दात पाहत असे. खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ त्याला हवी असे. ती तीन भागांची असेल तर दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षाच्या आतबाहेरचे. दोन भागांची पक्की दाढ आलेली असेल तर त्याहून मोठे. पुढचे वय दात किती झिजले त्यावरून. एका दाढेवरून एका हरणाचे वय कळते. हजारो दाढांवरून दरवर्षी किती नर मरतात ते कळते, आणि त्यावरून रानात किती हरणे उरली असतील त्याचा अंदाज बांधता येतो. शिकाऱ्याला वाटते आपण आपले हरीण दाखवले. प्रत्यक्षात त्याने जनगणनेतला एक रकाना भरलेला असतो.

हा आकडा बंद दाराआड राहत नाही. राज्याच्या ७२ जिल्ह्यांत, ज्यांना ते काउंटी म्हणतात, २०१४ पासून हरीण सल्लागार समित्या आहेत. त्यांत शिकारी असतात, शेतकरी असतात, जंगल-व्यावसायिक असतात, पर्यटनवाले असतात. उघड्या सभेत त्या पुढे हरणे वाढवायची, घटवायची की आहेत तशी ठेवायची यावर वाद घालतात. मक्याची कणसे गेलेला शेतकरी म्हणतो घटवा. गेल्या हंगामात मचाणावर आठ दिवस बसून रिकाम्या हाताने परतलेला शिकारी म्हणतो वाढवा. वाहतूक खात्याचे आकडेही लोकांना ठाऊक असतात: त्या एका राज्यात हरीण-मोटार धडकेचे पंधरा हजारांहून अधिक अपघात दरवर्षी नोंदले जातात. आपल्या ग्रामसभेत पाणीवाटपावर जसे आवाज चढतात तसे तिथे बिनशिंगी परवान्यांच्या आकड्यावर चढतात.

आता पैसा. मंदीच्या काळात, १९३७ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर सरकारी तिजोरीत न विरघळता थेट राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. वाटणी कशी? निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मी परवानाधारकांच्या संख्येवर. आणि एक अट: परवान्याच्या फीचे पैसे राज्याने दुसऱ्या कशासाठीही वापरायचे नाहीत. वापरले तर केंद्राचा निधी बंद. रस्ता अर्धवट राहिला, शाळेचे छत गळते आहे, तरी हरणांच्या पैशाला हात लावता येत नाही. या एका अटीने जे काम केले ते कितीही भाषणांनी झाले नसते. पाणथळ जागा विकत घेतल्या गेल्या, संशोधन झाले, शिकारी-शिक्षणाचे वर्ग चालले. त्या रानात दुर्बीण घेऊन पक्षी बघणाऱ्याच्या पायाखालची पुष्कळशी जमीन शिकाऱ्याच्या पैशातून घेतलेली आहे.

या व्यवस्थेला आता दोन बाजूंनी तडे जात आहेत. शिकारी म्हातारे होत आहेत, नवे कमी येतात. परवाने घटले की निधीही घटतो आणि दर हंगामाला मिळणारी माहितीही. दुसरे संकट रोगाचे आहे. हरणांना कृश करत नेऊन मारणारा, मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि २००२ मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला माउंट होरेब गावाच्या आसपासच्या हरणांत सापडला. त्याचे कारण जंतू नाही, विषाणू नाही. चुकीची घडी पडलेले प्रथिन आहे, जे मातीतही वर्षानुवर्षे टिकते. लस नाही, उपचार नाही. म्हणून नियमांत नवी पाने आली: रोग सापडलेल्या जिल्ह्यात हरणांना खाद्य टाकायचे नाही, धड एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला मर्यादा. आणि रस्त्याकडेला लोखंडी पेट्या उभ्या राहिल्या. शिकारी हरणाचे मुंडके मानेच्या पाच इंच भागासह कापतो, जाड पिशवीत घालतो, चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहितो आणि पेटीत टाकून जातो. मानेतल्या गाठी तपासून निकाल येईपर्यंत पुष्कळ घरांत मांस फ्रीझरमध्ये पडून असते, कोणी हात लावत नाही. माणसाला हा रोग झाल्याचे अजून सिद्ध झालेले नाही, पण बाधित हरणाचे मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र खरे होणार नाही. ही हरणे, हे रान ओजिब्वे लोकांचे होते. १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्यांनी उत्तर विस्कॉन्सिनची जमीन दिली, पण तिच्यावर शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. राज्य मात्र त्यांना अनेक दशके विनापरवाना शिकारी म्हणून पकडत राहिले. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचे मान्य केले. आज ओजिब्वे जमातींचे स्वतःचे नियम, स्वतःचे हंगाम आणि स्वतःचे वॉर्डन आहेत. परवाना देणाऱ्याने आधी विचारायला हवे की इथे कोणाचा हक्क माझ्या आधीचा आहे.

हे वाचताना मला आपले फासेपारधी आठवतात. माळरानावर फास लावून काळवीट धरण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. इंग्रजी अमलात साहेबाला जंगल खात्याकडून ‘शूटिंग ब्लॉक’ मिळे. ठरावीक दिवस, ठरावीक फी, ठरावीक जनावरे. त्याच काळात १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात पुढे पारधीही सापडले. एकाची शिकार खेळ ठरली, दुसऱ्याचे जगणेच गुन्हा ठरले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही.

स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला आणि १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. फार थोड्यांना ठाऊक असते की मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार, आणि जिवंत पकडण्याचा. १९९१ च्या दुरुस्तीने ती सगळी कलमे काढून टाकली. तेव्हापासून चितळ, सांबर, भेकर यांच्या शिकारीचा परवाना हौसेसाठी कोणालाही मिळत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. ते मारल्यास किमान तीन वर्षांची आणि कमाल सात वर्षांची कैद आहे.

विस्कॉन्सिनची रीत आपण उचलावी का? मला विचाराल तर नाही. तिथे खाणारा संपवला म्हणून माणसाला त्याची जागा घ्यावी लागली. ताडोब्यात, पेंचमध्ये खाणारा जागेवर आहे. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी साधारण पन्नास जनावरे लागतात. आपल्या चितळांचा कोटा वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा यांच्यासाठी आधीच लागलेला आहे. त्यात माणसाने हिस्सा मागू नये.

पण जंगलाबाहेरचे काय? विदर्भातल्या शेतकऱ्याचा हरभरा रोही तुडवतात, रानडुकरे भुईमूग उकरतात. (रोही म्हणजे नीलगाय, काळविटासारखाच तो हरीण नव्हे, कुरंग आहे. त्याची शिंगे गळत नाहीत.) कायद्याच्या ११ व्या कलमाखाली पिकाला किंवा जिवाला धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात, आणि महाराष्ट्रात रोही व रानडुकरांसाठी ती वाट आहे. अशी परवानगी मिळवून मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, ते घरी नेता येत नाही. पण रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा बंदूक नसते, बंदुकीचा परवाना नसतो आणि अर्ज कुठे द्यायचा हेही ठाऊक नसते. त्याच्या रानात रोही किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, हे सांगणारा भरवशाचा गावनिहाय आकडा कोणाच्या हातात नसतो. मग एक बाजू म्हणते मारा, दुसरी म्हणते वाचवा, आणि दोघांकडेही आकडा नसतो.

विस्कॉन्सिनकडून आपण बंदूक घेऊ नये, वही जरूर घ्यावी. ज्या शेतकरी बांधवाच्या शेतात वन्यप्राण्यांनी नासधूस केली असेल त्याने भरपाई थोडी मिळते म्हणून, किंवा खेटे कोण घालणार म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी फोटो काढावा, वनरक्षकाला किंवा परिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. गावातल्या दहा जणांनी मिळून केले तर आणखी चांगले. जे नुकसान नोंदले गेले नाही ते सरकारी हिशेबात झालेलेच नसते.